३० सेंमीच्या चेंबरमध्ये व्हिसलर लहरी दिसतील का?

एमएस्सी_पुणे: प्रकल्पासाठी ३० सेंमी व्यासाचा, ६० सेंमी लांब प्लाझ्मा (आयनित वायू) चेंबर मिळालाय. आरगॉन, टंगस्टन फिलामेंट, भिंतीवर कायमचुंबक. घनता घनसेंमीला १ अब्ज इलेक्ट्रॉन, त्यांचं तापमान २ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट). व्हिसलर (चुंबकीय क्षेत्रातल्या प्लाझ्मातून जाणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी) जमतील का? दुसरं म्हणजे ग्रिडला (लहर उठवणारी जाळी) सलग १०० किलोहर्ट्झ साइन दिली की प्रोबवर (प्लाझ्मात सरकवता येणारी मोजणीची सळई) सिग्नल येतो, पण प्रोब सरकवला तरी फेज बदलत नाही.

निर्वात: व्हिसलर सोडा. सायक्लोट्रॉन वारंवारतेच्या (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ज्या वारंवारतेने फिरतात ती) निम्म्यावर चालवलात तरी या घनतेला तरंगलांबी मीटरभर होते, चेंबरात मावणारच नाही. शिवाय तुमचे चुंबक भिंतीपाशीच काम करतात, मधे क्षेत्र जवळपास शून्य. आयन-ध्वनी लहरी (प्लाझ्मातल्या आवाजासारख्या दाब-लहरी) घ्या: वेग सेकंदाला २.२ किमी, म्हणजे १०० किलोहर्ट्झला तरंगलांबी २.२ सेंमी. आयन प्लाझ्मा वारंवारता (तिच्या वर ही लहर चालत नाही) १ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणून ३०० किलोहर्ट्झच्या वर जाऊ नका.

प्रोबवाला: फेज बदलत नाही म्हणजे ती लहर नव्हे, ग्रिड आणि प्रोबमधलं कपॅसिटिव्ह कपलिंग आहे, म्हणजे सिग्नल प्लाझ्मातून न जाता थेट विद्युतक्षेत्राने पोचतोय. सलग साइनऐवजी ३ आवर्तनांचा बर्स्ट (छोटा तुकडा) द्या. कपलिंग लगेच दिसतं आणि ३० मायक्रोसेकंदांत संपतं. ८ सेंमीवर खरी लहर ३६ मायक्रोसेकंदांनी पोचते. ८ ते १५ सेंमी सरकवत उशीर मोजा, आलेखाच्या चढावरून वेग मिळेल. प्रोबला प्लाझ्मा पोटेन्शियलपेक्षा (प्लाझ्माचं स्वतःचं व्होल्टेज) थोडा जास्त बायस (स्थिर व्होल्टेज) हवा. दाब मिलीबारच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा. दहापट वाढला तर आयन काही सेंमीतच अणूंवर आदळतात आणि लहर विरते. कोऑक्स केबल, बीएनसी कनेक्टर पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल, पण पीव्हीसीची वायर चेंबरच्या आत अजिबात नको, ती वायू सोडत राहते. आत उघडी तार सिरॅमिक नळीतून न्या.

एमएस्सी_पुणे: आणि सौर वाऱ्याशी (सूर्यातून सतत बाहेर वाहणारा प्लाझ्मा) तुलना कशी करायची?

निर्वात: लांबी डेबाय लांबीत (प्लाझ्मात एखाद्या प्रभाराचा परिणाम जेवढ्या अंतरात झाकला जातो ते) मोजा. तुमची ०.३३ मिमी. पृथ्वीजवळच्या सौर वाऱ्यात, घनसेंमीला ५ कण आणि १० ईव्ही धरले तर, सुमारे १० मीटर. म्हणजे तुमचे २.२ सेंमी तिथले साधारण ६६० मीटर. पण इथे आयन थंड असतात. तिथे आयन आणि इलेक्ट्रॉनांचं तापमान बऱ्याचदा एकाच पट्टीतलं, त्यामुळे लँडाऊ क्षीणन (लहरीच्या वेगाने जाणारे कण तिची ऊर्जा शोषतात ते) ही लहर झपाट्याने खातं. हा फरक अहवालात ठळक लिहा. तेच क्षीणन प्रयोगात आणायचं तर आरगॉनमध्ये थोडं थोडं हीलियम सोडा: हलके आयन लहरीच्या वेगाजवळ पोचतात आणि क्षीणन वाढताना ऑसिलोस्कोपवर दिसतं. प्रत्येक मिश्रणाला घनता आणि तापमान नव्याने मोजा, नाहीतर वेगातला बदल कशामुळे ते कळणार नाही.