सिनेमाच्या डिस्क दुकानातनं गेल्या, तुम्हाला वाईट वाटतं का?

राजारामपुरीकर: अमेरिकेत बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीनं २०२४ पासून डिस्क विकणं बंद केलं, नेटफ्लिक्सची टपालानं येणारी डीव्हीडी त्याआधीच सप्टेंबर २०२३ ला थांबली, आणि आपल्याकडं तर लई आधीच संपलं, मुंबईचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला गेलं. कोल्हापुरात कॅसेट-सीडीची दुकानं होती तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकत्यात. मला खरंच वाईट वाटतं. ॲपवर आपण नुसतं भाडं भरतो, हक्कांची मुदत संपली की सिनेमा गायब. ज्या गावात १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तिथं तरी हे कुणी सहज मान्य करू नये. बाबूराव पेंटरांचे बहुतेक मूकपट आज बघायलाच मिळत नाहीत, प्रतीच उरल्या नाहीत.

शाहूपुरी_३री_गल्ली: भावा, भावना कळत्यात, पण दुकानदारानं भाडं कुठनं भरायचं? मोसर बेअर कंपनीनं २८ रुपयांना ओरिजनल व्हीसीडी आणली तरी लोक एका डिस्कवर चार सिनेमेवाली डुप्लिकेटच घेत होती. आणि प्रती जपायला पुण्यात फिल्म अर्काईव्ह आहे की.

राजारामपुरीकर: त्याच अर्काईव्हच्या फिल्म २००३ च्या आगीत जळाल्या, प्रभातच्या नायट्रेट, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मसकट. सगळं एका जागी ठेवलं की हेच होतं, म्हणून तर प्रती घरोघरी पाहिजेत.

कळंब्याची_ताई: दादांचं पटतंय. आमच्या आईला ॲप जमत नाही, लॉगिन, ओटीपी, मग अपडेट, तोवर ती उठून जाते. व्हीसीडी होती तेव्हा इंटरव्हलच्या आसपास पहिली डिस्क संपायची, ती स्वतः दुसरी पुसून घालायची, कुणाला हाक मारायची नाही.

शाहूपुरी_३री_गल्ली: ताई, आता ट्रे अडकला तर दुरुस्त कोण करणार? लेन्स मिळत नाही. माझ्याकडच्या निम्म्या डिस्क पावसाळ्यात डाग पडून गेल्या, शेवटी भंगारात दिल्या.

राजारामपुरीकर: नीट ठेवल्या तर टिकतात, माझ्या चालत्यात. आणि क्वालिटीचं बोला, फोर-के डिस्क १०० जीबीपर्यंत असते, ॲप तोच सिनेमा पिळून पाठवतं, अंधारातल्या सीनमध्ये चौकोन चौकोन दिसतात. दुकान परत येणार नाही हे मान्य, पण मराठी निर्मात्यांनी आगाऊ ऑर्डर घेऊन थोड्या तरी डिस्क काढाव्यात, मी आजच पैसे भरतो.

शाहूपुरी_३री_गल्ली: काढतील पण, मग लावायच्या कशावर? सॅमसंगनं २०१९ ला नवे डिस्क प्लेअर काढणं बंद केलं, एलजीनं २०२४ ला. आधी प्लेअरचं बघ, मग पैसे भर.