काटकोन, लंब आणि गुण्या
एकाने विचारलंय की काटकोन आणि लंब हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत का. माझ्या मते नाहीत. ९० अंशांचा कोन म्हणजे काटकोन, तर लंब हे दोन रेषांमधलं नातं. म्हणून आपण 'कोन काटकोन आहे' म्हणतो, पण 'ही रेषा त्या रेषेला लंब आहे' असं म्हणतो. दहावीच्या वहीत ही सरमिसळ सर्रास दिसते आणि मला ती खटकते, कारण तिथूनच सिद्धता लिहिताना गोंधळ होतो.

दुसरा मुद्दा हिंदीतल्या 'समकोण'चा, म्हणजे काटकोनाच्या हिंदी नावाचा. 'समकोण त्रिकोण' ऐकून मराठी मुलांना तिन्ही कोन समान असल्यासारखं वाटतं, कारण समभुज, समद्विभुज यांतला 'सम' त्यांच्या डोक्यात पक्का असतो. पण त्या शब्दात चूक काहीच नाही. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडची व्याख्याच तशी आहे: एका रेषेवर दुसरी रेषा उभी राहून शेजारचे दोन्ही कोन सारखे झाले, तर त्यातला प्रत्येक काटकोन. व्याख्येत अंशांचा आकडाच नाही! मुलांना कोनमापकाआधी हे सांगायला हवं. कागदाला घडी घालून, तीच कडा स्वतःवर दुमडली की काटकोन हातात येतो.

आणि गवंड्याला विसरू नका. पायाची आखणी करताना तो एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजतो आणि तिरकं माप ५ फूट आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे म्हणतो.