मदत हवी आहे: फिनिक्सच्या फर्स्ट फ्रायडेला आई-बाबांना कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या चँडलरला राहतो. साताऱ्याहून आई-बाबा आलेत. बाबा तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवायचे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली कितीतरी मुलं त्यांच्या हाताखालून गेली. इथे घरात बसून ते कंटाळलेत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी डाउनटाऊनमध्ये ‘रूझवेल्ट रो’ या भागात गॅलऱ्या उघड्या असतात (हाच तो फर्स्ट फ्रायडे), तिथे त्यांना न्यायचा विचार आहे.

गेल्या महिन्यात मी एकटा जाऊन आलो. पार्किंग शोधण्यातच अर्धा तास गेला. म्हणून यावेळी गाडी टेम्पे किंवा मेसाला लावून लाइट रेलने (ट्रामसारखी ट्रेन) रूझवेल्ट-सेंट्रल स्टेशनला उतरावं म्हणतोय. पण रात्री परतताना ट्रेनला गर्दी किती असते? आईचा गुडघा दुखतो, उभं राहून येणं तिला झेपणार नाही.

दुसरं म्हणजे, भिंतींवरची म्युरल्स उजेडातच बघायला हवीत. बाबा प्रत्येक चित्रासमोर एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीने माप घेत बसणार (रिफिलचं पेनही चालतं!), म्हणजे एका भिंतीला पंधरा मिनिटं धरा. मग किती वाजता पोचावं? आणि तोवर आईला निवांत टेकायला, चहा प्यायला जवळपास बरी जागा आहे का? स्वच्छतागृह असलेली सांगा. ती शुद्ध शाकाहारी आहे, पण खायचं आम्ही घरून नेऊ.

कुणी वयस्कर मंडळींना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा, येत्या शुक्रवारीच जायचंय.