उपासनेत देवाचं नाव उच्चारावं का?

वसईकर
काल एकानं इथं ठासून लिहिलं, की ‘याव्हे’ हे हिब्रू बायबलमधलं देवाचं चार अक्षरी नाव न घेता केलेली प्रार्थना अर्धवट, आणि ते नाव पाद्र्यांनी लपवलं. डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. येशूच्या आधीपासूनच ज्यू लोक वाचताना त्या चार अक्षरांच्या जागी ‘आदोनाय’, म्हणजे ‘प्रभू’, म्हणत. यात पाद्री आले कुठून? नव्या कराराच्या एकाही ग्रीक हस्तलिखितात ती चार अक्षरं नाहीत, ‘प्रभू’ आहे. तोच शब्द पौलानं येशूला लावला, त्यात आपला अख्खा विश्वास आहे. २९ जून २००८ च्या पत्रात व्हॅटिकननंही सांगितलं, की गीतांत आणि प्रार्थनांत हे नाव उच्चारू नये. आमच्या गायकवृंदाचं एक लाडकं गीत त्यामुळे बंद झालं. वाईट वाटलं, पण पटलं. आपल्या बापाला नावानं हाक मारतं का कुणी?

नामधारक
ते लिहिणारा मीच. निर्गम ३:१५ काढून वाचा. हे माझं सर्वकाळचं नाव, असं देव स्वतः मोशेला सांगतो. जुन्या करारात ते सुमारे ६,८०० वेळा आहे. रूथच्या पुस्तकात बवाज शेतावर येतो आणि कापणी करणाऱ्या मजुरांना त्याच नावानं आशीर्वाद देतो. रानात, घामाघूम माणसांसमोर! आणि मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, फादर म्हणतात, ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’. शब्द तेच, फक्त नाव गाळलेलं. नामस्मरणावर वाढलेल्या मुलखात आम्हीच तेवढे बिननावाच्या देवापुढे का उभं राहायचं?

अश्दोदची मावशी
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, माहेर अलिबागकडचं. प्रत्येक जण आपल्या सोयीनं आम्हाला साक्षीला उभं करतो, त्याचा राग येतो. आमच्याकडे ते नाव कुणी घेत नाही. प्रार्थनेत ‘आदोनाय’, आणि एरवी बोलताना तेही नाही, नुसतं ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. मलिदा हा आमचा आभाराचा विधी, त्याच्या ताटात पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं मांडलेली असतात. त्यावर आशीर्वाद म्हणायच्या आधी पोरांनी उगाच ‘आदोनाय’ पुटपुटलं तरी आई डोळे वटारायची. आमच्या पूर्वजांकडे कोकणात ग्रंथ नव्हते, ‘हे इस्राएला, ऐक’ ही शेमा प्रार्थना तेवढी तोंडपाठ होती. त्यावर पिढ्या तगल्या. हे नाव महायाजक योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, जेरुसलेमच्या मंदिरात घ्यायचा. इसवी सन ७० मध्ये मंदिरच गेलं.

नामधारक
मावशी, तुमच्याच मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, बवाजचा दाखला देऊन लिहिलंय, की एकमेकांना नावानं अभिवादन करावं. आणि मलिद्याला ज्याचा धावा करता त्या एलियाहू संदेष्ट्याच्या नावात त्याच नावातलं ‘याहू’ आहेच की.

अश्दोदची मावशी
मिश्नात आहे, नाही म्हणत नाही. पण माणसाच्या नावात आलेला अंश वेगळा आणि ती चार अक्षरं वेगळी. पुस्तकातली एक ओळ दाखवून माझ्या आईला खोटं ठरवू नका.

तबलजी
खरं दुखणं वेगळंच आहे. ही याव्हे-याव्हेची गाणी आली कुठून? इंग्रजी गाण्यांच्या तर्जुम्यातून, गिटार आणि ड्रमसकट! नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, ते भजन-अभंगाचा वारसा घेऊन आले. ती भजनं ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात आहेत, आणि आमच्या मंडळीत ते पुस्तक कपाटात पडलंय. तबला मागितला तर तरुण म्हणतात, कंटाळवाणं होतं.

वसईकर
विषय नावाचा चाललाय.

तबलजी
नावाचाच बोलतोय. जे नाव परक्या चालीवर बसवून आणलं, ते ओठांवर राहतं, आत उतरत नाही. माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला एकाला टिळकांचं भजन पूर्ण येईना. पडद्यावर शब्द लावावे लागले.

कोरसवाली
काका, तरुणांना बोल लावणं थांबवा. आम्हाला ती भजनं शिकवली कुणी? मी विचारलं तेव्हा ‘मुलींनी नुसतं मागं म्हणायचं’ असं उत्तर मिळालं. गिटार मी हट्टानं नाही धरली, हातात तीच दिली.

तबलजी
शिकवलं नाही, हे खरं. पण म्हणून तबला बाहेर का?

कोरसवाली
या रविवारी घेऊन या. सुराची जबाबदारी माझी.

वसईकर
मूळ मुद्द्यावर या. प्रभूनं प्रार्थना शिकवली, तिची सुरुवात ‘बापा’ अशी आहे. त्यानं नाव घेतलं नाही.

नामधारक
आणि पुढचीच विनंती काय? ‘तुझे नाव पवित्र मानले जावो.’ बरं, मिस्सामध्ये तुमचा नियम आहे, तिथं मी गप्प बसेन. पण माझा मुलगा आजारी होता तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मी तेच नाव घेऊन रडलो. ते कुणी काढून घेऊ नका.

वसईकर
जिन्यातल्या प्रार्थनेवर माझा आक्षेप कधीच नव्हता. इतरांची प्रार्थना अर्धवट, हे वाक्य तेवढं मागे घ्या.

नामधारक
‘माझी अर्धवट राहते’ असं वाचा. त्यापुढे मी हटणार नाही.