बीपीची गोळी मध्येच सोडणाऱ्या बायकांना काय सांगावं? आणि हे काम नक्की कुणाचं?

प्रश्न: उपकेंद्रातली सिस्टर, तासगाव तालुका

नमस्कार. मी मिरजेत बी.एस्सी. नर्सिंग केलं, मग सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा कोर्स केला. गेलं दीड वर्ष तासगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. दारावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी आहे, गाव अजून दवाखानाच म्हणतं.

तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी आमच्याकडे असते: बीपी, शुगर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग. आशाताई घरोघर फिरून फॉर्म भरतात, मग मी तपासते. माणूस शोधून काढणं आता जमायला लागलंय. अडतंय ते त्याच्या पुढे.

एका बाईंचं सांगते. त्यांना इथे आक्का म्हणूया. वय ४८, द्राक्षबागेत टोळीनं कामाला जातात. जूनमध्ये त्यांचं बीपी १६८/१०२ निघालं. पुन्हा दोनदा घेतलं, तेवढंच. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ सुरू केली. सप्टेंबरात १३२/८४! मला इतका आनंद झाला की आकडा लाल पेनानं गोल करून ठेवला. त्यानंतर आक्का आल्याच नाहीत. परवा संध्याकाळी घरी गेले. चुलीपुढं बसल्या होत्या, भाकरी थापायचं चाललं होतं. बीपी १७६/१०४. गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्याच्या मागं, मिश्रीच्या (दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या) डबीला टेकवून ठेवलेली, एकात सहा गोळ्या शिल्लक, बाकीची फोडलीही नव्हती.

“का हो बंद केली?” विचारलं तर म्हणाल्या, “बरं वाटतंय की मॅडम. आन एकदा गोळी लागली की सुटत न्हाई म्हंत्यात.”

मग मी नेहमी सांगते तेच सांगितलं. अंगावरनं वारं जाईल, तोंड वाकडं होईल, अंथरुणाला खिळाल, पोरांना करावं लागेल. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि पदर तोंडाशी धरला. मी निघाले तेव्हा उंबऱ्यापर्यंत सोडायलाही आल्या. गोळी मात्र आजही सुरू नाही, आशाताईंनी काल बघितलं.

अशा माझ्याकडे पुष्कळ आहेत. वरून विचारणा होते ती किती तपासल्या आणि किती नोंदी भरल्या याची. दुपार सगळी पोर्टल भरण्यात जाते. एका वरिष्ठांनी तर सांगितलं, “समजावणं आशाचं काम, तुम्ही ओपीडी बघा.” मला हे पटत नाही. परदेशात जादा शिकलेल्या नर्सेस हेच काम मुख्य म्हणून करतात असं वाचलंय. म्हणून दोन गोष्टी विचारते. आक्कांसारख्यांशी बोलायचं कसं? आणि याच कामात पुढं जायचं तर एम.एस्सी. करावी, की नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स?

उत्तर १: निवृत्त आरोग्य सहाय्यिका, सातारा

बाळा, तुझं वाचून मला माझी सुरुवातीची वर्षं आठवली. मी आधी पाटण खोऱ्यात होते, मग माण तालुक्यात, नोकरी ३४ वर्षं.

तू आक्कांना ‘गोळी का बंद केली’ हे विचारलंस. घरातून किती वाजता निघता, हे विचारलंस का? सध्या डिसेंबर, तुमच्याकडे विरळणी आणि डिपिंगचे (घड द्रावणात बुडवण्याचे) दिवस. टोळी साडेसहा-सातला गाडीत बसते आणि दिवस मावळता परत येते. तुझं केंद्र उघडतं तेव्हा त्या बागेत असतात, बंद होतं तेव्हाही बागेतच. गोळ्या न्यायला यायचं म्हणजे हजरी बुडवायची. कुणी बुडवेल? सप्टेंबरपर्यंत त्या आल्या, कारण फळछाटणीच्या आधी हाताला काम कमी असतं. तुझ्या रजिस्टरमधल्या तारखा बागेच्या कामाशेजारी लावून बघ.

पाटणला माझी हीच चूक झाली होती. लसीकरणाचा दिवस बाजारादिवशी धरला होता. दोन महिने मी पोरांच्या आयांना अडाणी समजत राहिले. एका म्हातारीनं सांगितलं, “बाई, तुमचा वार बदला, आमचा बाजार बदलत न्हाई.” वार बदलला आणि ओसरी भरली.

तेव्हा टोळी जिथं गाडीची वाट बघते तिथं सकाळी जा. बहुतेक गावांत ती जागा मारुतीचा कट्टा नाहीतर एसटीचा थांबा असते. मात्र बीपी घाईत घेऊ नकोस. चालत आलेल्या बाईला पाच मिनिटं टेकून बसव, पाय खाली जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीला, झंपरच्या बाहीवरून पट्टा नको. चहा किंवा मिश्री नुकतीच झाली असेल तर अर्धा तास जाऊ दे. दोनदा मोज. गोळ्या महिन्याच्या एकदम दे, आणि डॉक्टरांना विचारून रात्रीच्या भाकरीच्या वेळी घ्यायला सांग. त्या वेळी बाई नक्की घरात असते.

आणखी एक. पायाला सूज येते का, हे विचार. या गोळीनं काहींचे घोटे सुजतात. बायका बोलत नाहीत, मुकाट्यानं गोळी सोडतात आणि तुला म्हणतात, बरं वाटतंय. तसं असेल तर डॉक्टर औषध बदलून देतात.

मिठाचं सांगताना ‘मीठ कमी खा’ असं कधी म्हणू नये, त्याचा काही उपयोग होत नाही. मी विचारायची, एक किलोचा पुडा घरात किती दिवस जातो? जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. पाच माणसांच्या घरात २५ ग्रॅम, म्हणजे पुडा ४० दिवस जायला हवा. जनावराच्या आंबोणातलं वेगळं धरायचं. लोणच्याचं आणि खाऱ्या मिरचीचं तर अजून धरलेलंच नाही. बाई बोटांवर मोजते आणि स्वतःच म्हणते, “आमचा पंधरवड्यात संपतोय की!” तिथून पुढं तिला सांगावं लागत नाही.

उत्तर २: मिरजकर, सध्या ओहायो (अमेरिका)

मी मूळची मिरजेची, इथे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे. तुम्ही विचारलंत म्हणून इथलं जसं आहे तसं सांगते.

इथे नुसत्या नोंदणीकृत नर्सला हे काम करता येत नाही. वर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. त्यानंतर रुग्ण तपासून निदान करता येतं, तपासण्या सांगता येतात, औषध लिहून देता येतं. निम्म्याहून अधिक राज्यांत हे पूर्ण स्वतंत्रपणे चालतं. आमच्या ओहायोत डॉक्टरांशी लेखी करार लागतो. नर्स प्रॅक्टिशनर हा अशा जादा शिकलेल्या, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसच्या नर्सेसचा एक प्रकार. प्रसूती बघणाऱ्या, भूल देणाऱ्या आणि एखाद्या विषयातल्या तज्ज्ञ नर्सेस हे बाकीचे तीन.

पण सुरुवात कुठून झाली ते बघा. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी पहिला अभ्यासक्रम काढला. फोर्ड स्वतः खेड्यापाड्यांत फिरणारी सार्वजनिक आरोग्य नर्स होती. मुलं आजारी पडू नयेत, निकोप वाढावीत, आईला बळ यावं, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. औषध लिहिण्याचा अधिकार हळूहळू, राज्याराज्यांतून मिळत गेला. त्यामुळे ‘समजावणं तुमचं काम नाही’ असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. ही सगळी शाखाच त्या कामातून उगवलेली आहे.

माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट तुम्हाला उद्यापासून वापरता येईल. सगळं सांगून झालं की ‘कळलं का?’ असं मी विचारत नाही. त्यावर मान हलतेच. मी म्हणते, “आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला सांगा बरं.” चुकीचं निघालं तर माझं सांगणं चुकलं असं धरते आणि वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगते. ‘गोळी लागते’ हा समज असाच बाहेर येतो. मग सांगता येतं की गोळी व्यसनासारखी लागत नाही. बंद केल्यावर बीपी परत चढतं, कारण आजार तिथेच आहे. चष्मा काढला की पुन्हा धूसर दिसतं, म्हणून चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही.

उत्तर ३: नर्सिंगची शिक्षिका, कराड

कोर्सबद्दल थोडक्यात. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचे नर्स प्रॅक्टिशनर नावाचे जे कोर्स आहेत, त्यांतला क्रिटिकल केअरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आयसीयूसाठी आहे. दुसरा मिडवाइफरीचा, १८ महिन्यांचा, प्रसूतीसाठी. तुम्हाला गावात राहून हेच काम करायचं असेल तर कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमधली एम.एस्सी. जवळची. मात्र ती केल्यानं औषध लिहून देण्याचा परवाना मिळत नाही. तुमचं सध्याचं पद अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसच्या जवळ जातं खरं, पण औषध वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुरू करायचं आणि तुम्ही पुढं चालू ठेवायचं, ही चौकट आहे.

एम.एस्सी.त नोला पेंडर यांचं आरोग्यसंवर्धनाचं प्रारूप शिकवतो, १९८२चं. त्यात भीतीला जागाच नाही. माणूस वागणूक बदलतो तो फायदा दिसला, अडथळा हलका झाला, मला जमेल असं वाटलं आणि घरच्यांची साथ मिळाली तर. ‘वारं जाईल’ हे वाक्य तुम्ही सोडून द्या. आक्का घाबरून तुमच्यापासूनच लांब जातील. आकडा लाल पेनानं गोल केलात, तो त्यांना दाखवला होता का?

उत्तर ४: द्राक्ष बागायतदार, तासगाव

मी डॉक्टर नाही की नर्स नाही. माझ्या बागेत १४ बायकांची टोळी येते, म्हणून लिहितोय. घरी बायकोला हा धागा वाचून दाखवला, तर ती म्हणाली, मॅडमना पाण्याचं सांगा. बागेत आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. लघवीची जळजळ, मुतखडा हे सगळं त्यातनं होतं. हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं, याचं वाईट वाटलं.

निर्यातीसाठी ग्लोबलगॅपचं (शेतमाल नीट पिकवल्याचं) प्रमाणपत्र घेणाऱ्यांना कामगारांसाठी संडास आणि हात धुवायची सोय ठेवावीच लागते. ज्यांचा माल इथल्या बाजारात किंवा बेदाण्याला जातो, ते ठेवत नाहीत. मॅडम, तुम्ही ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत हा विषय घ्या. गावातल्या बागायतदारांना मी बोलावतो. फवारणी झालेल्या प्लॉटमध्ये त्याच दिवशी टोळी घालू नये, हेही त्याच बैठकीत बोलू.

मूळ प्रश्नकर्ती: तीन आठवड्यांनंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

आठवड्यातले दोन दिवस सव्वासहाला मारुतीच्या कट्ट्यावर जाते. पहिल्या दिवशी टोळीची मुकादमीण रागावली, गाडी खोळंबते म्हणाली. तिचंच बीपी आधी घेतलं. आता ती बायकांना पंधरा मिनिटं लवकर बोलावते. एवढ्या वेळात पाच-सहा जणीच नीट होतात, पण होतात.

आक्कांना सूज येतच होती. जोडवी घट्ट झाली म्हणून काढून ठेवली होती, आणि मला त्यांचे पाय चुलीच्या उजेडात दिसले नव्हते. डॉक्टरांनी औषध बदललं. काल १४४/९०. रजिस्टर पुढं धरून जूनपासूनचे आकडे एकेक करून दाखवले. सप्टेंबरच्या लाल गोलावर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्यो माझाच व्हय?” त्यांना कुणी दाखवलाच नव्हता. मीसुद्धा नाही.

पुडा किती दिवस जातो हे १४ जणींना विचारलं. एकीच्याही घरात महिनाभर जात नाही. बैठक येत्या शुक्रवारी आहे, दादा, तुम्ही नक्की या.

आता एक नवीन अडचण. कट्ट्यावर येणाऱ्या निम्म्या जणी मिश्री लावूनच येतात, त्यामुळे बीपीसाठी थांबावं लागतं. त्या निमित्तानं टॉर्च लावून तोंडं बघायला लागले. एकीच्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आहे, गॉजनं पुसून बघितला तर निघत नाही, म्हणजे कर्करोगाआधीची खूण असू शकते. तिला तोंड तीन बोटं उघडता येतं, दुखत काही नाही, म्हणून पुढच्या तपासणीला यायला तयार नव्हती. भीती घातली नाही. हजरी बुडेल त्या दिवसाचं काय करायचं, एवढंच दोघींनी मिळून ठरवलं. मुकादमीण तिच्या जागी आपली सून पाठवते आहे आणि सोमवारी मी तिला घेऊन मिरजेला निघाले आहे. मिश्री सोडवण्याचं काम तुमच्यापैकी कुणी केलं असेल, तर पहिल्या आठवड्यात बायकांना हाताशी काय दिलंत, ते कृपया लिहा.