मदत हवी आहे : कॅनडाच्या अर्जासाठी सहवासाचे पुरावे

नमस्कार. मी व माझा जोडीदार लग्न न करता फोंड्यात एकत्र राहतो आणि कॅनडातील कायम निवासाच्या त्याच्या अर्जात मला ‘कॉमन-लॉ पार्टनर’ म्हणून समाविष्ट करायचे आहे. त्यासाठी लागणारा सलग १२ महिन्यांचा सहवास पूर्ण झाला आहे. परंतु भाडेकरार केवळ त्याच्या नावावर असून वीजबिल घरमालकाच्या नावे येते आणि माझ्या आधारवर अजून पेडण्याचाच पत्ता आहे. अशा स्थितीत आयएमएम ५४०९ या शपथपत्रासोबत संयुक्त बँक खाते व शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडून कोणाचे काम झाले आहे का? (‘आधी लग्न करा’ हा सल्ला घरी रोज मिळतो, गोव्यात विवाहपूर्व करार नसल्यास मालमत्ता समाईक होते, म्हणून तो निर्णय घाईने घ्यायचा नाही.) कोंकणी पत्रांच्या इंग्रजी अनुवादाचे काम जाणणारे कोणी असल्यास तेही कृपया कळवावे.