मदत हवी: ठिबकच्या पाणी-मीटरसाठी एफरॅमवाला मायक्रोकंट्रोलर घ्यावा, की ईईप्रॉमवर भागेल?

नमस्कार मंडळी,

द्राक्षबागेच्या ठिबकवर लावायला पाणी मोजणारं छोटं यंत्र बनवतोय. ते चालवायला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटी प्रोग्रॅम करता येणारी चिप, निवडायची आहे. एफरॅम आणि ईईप्रॉम या दोन्ही वीज गेली तरी आकडा टिकवणाऱ्या मेमरी. मीटरच्या रीड स्विचमधून (मीटरमधला फिरता चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) दर १० लिटरला एक पल्स येते. तासाला १२,००० लिटर, दिवसाला पाच तास, म्हणजे रोज ६,००० पल्स. तिथे वीज नाही. ३.६ व्होल्टचा, २४०० मिलिअँपिअर-तासांचा लिथियम थायोनिल सेल निदान पाच वर्षं चालावा आणि सेल बदलताना आकडा पुसला जाऊ नये, एवढीच अट.

आर्दुइनो बोर्डची सवय, म्हणून आधी त्यातलाच एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर डोळ्यासमोर होता. पण त्याच्या ईईप्रॉमला एका जागी १ लाख वेळा लिहिण्याची हमी. दर पल्सला त्याच जागी लिहिलं तर १७ दिवसांत खेळ खलास! एसटीएम३२एल०५३ या दुसऱ्या चिपमध्ये २ केबी ईईप्रॉम आहे, मर्यादा तेवढीच. चार बाइटचे ५१२ कप्पे करून आळीपाळीने लिहिलं तर हिशोबाने २३ वर्षं निघतात. तरी एकदा लिहायला तीनेक मिलिसेकंद लागतात. नेमका तेव्हाच सेल निघाला तर?

दुसरीकडे एमएसपी४३०एफआर५९६९: ६४ केबी एफरॅम, लिहिण्याची मर्यादा १० चा १५ वा घात, आधी पुसायची भानगड नाही. मन तिकडेच ओढतंय. पण प्रोग्रॅमही त्याच मेमरीत राहतो. पॉइंटर (मेमरीत कुठे लिहायचं तो पत्ता) भरकटला तर कोडवरच लिहिलं जाईल ना? कोणी शेतात वापरलाय का?

प्रतिसाद

दोन्ही चालतील. एफरॅम घेतलात तर कोडचा भाग एमपीयूने (मेमरीच्या ठरावीक भागावर लिहिणं रोखणारी चिपमधली सोय) लॉक करा. ईईप्रॉम घेतलंत तर प्रत्येक कप्प्यात चेकसम (आकडा नीट लिहिला गेला का ते पडताळणारी छोटी संख्या) ठेवा. शेवटचा खराब निघाला की त्याच्या आधीचा वाचायचा. फार तर एक पल्स जाईल.

तुमचा सेल मेमरीमुळे नाही, रीड स्विचमुळे संपणार आहे. पाणी थांबताना चुंबक बरोबर स्विचपाशी अडकला की तो जोडलेलाच राहतो. मग चिपच्या आतल्या साधारण ४० किलोओहमच्या पुल-अपमधून (स्विचची वायर सेलच्या व्होल्टेजला जोडणारा रेझिस्टर) ९० मायक्रोअँपिअर सतत वाहतात, वर्षाला जवळपास ७९० मिलिअँपिअर-तास. तीन वर्षांत सेल संपला, मग चिप कुठलीही असो. आतला पुल-अप बंद ठेवून बाहेरून १ मेगाओहम लावा. तेवढ्यावर लांब वायर मात्र मोटरचा नॉइज पकडते. मीटरपासून बोर्ड किती लांब आहे तुमचा?